डाव्या पायाचा बूट

बापाचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगा शिडीवरून पडून कमरेखाली लुळा झाला होता, आणि आता कुठे डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कण्यात एक पट्टी बसवली होती. पोराच्याच नाकातल्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवल्या, जाळीदार पट्टीवर रुजवल्या आणि मज्जारज्जू तुटला होता तिथे ठेवल्या. त्या आधाराने मज्जातंतू वाढले तर पाय परत येणार. हे ‘तर’ कधी, असं विचारून विचारून बापाने बाईंचं डोकं खाल्लं होतं.

घरीही तेच. बाप बूट शिवणारा, सुई हाताशीच. पोराच्या पायाच्या अंगठ्याला टोचायचं आणि विचारायचं, ‘कळलं का?’ एकदा पोराने कंटाळून ‘हो’ म्हटलं. बापाने तडक दवाखाना गाठला. बाईंनी डोळे मिटायला लावले, तर पोरगा न टोचताही ‘हो’ म्हणत होता. तेव्हापासून त्याच्या ‘हो’वरचा बापाचा विश्वास उडाला.

हातांना चाळा म्हणून बापाने पोरासाठी नवे बूट केले. लुळ्या पायाला जखम झालेली कळत नाही, तेव्हा आधी बुटात हात फिरवायचा, अशी बाईंची सक्त ताकीद होती. बापाला ते सांगायलाच नको. गिऱ्हाइकाचा बूटही तो हात घातल्याशिवाय देत नसे. पण त्या सकाळी तपासणी होती, आणि त्याचं चित्त कुठलं ठिकाणावर? त्याने घाईघाईत नाड्या बांधल्या आणि चाकांची खुर्ची रस्त्यावर आणली.

“बाबा, डावा बूट काढा जरा. बोचतंय.”

“झालं सुरू? मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. बाईंपुढे पुन्हा शोभा नको.”

कोपऱ्यापर्यंत बाप धुसफुसत होता. मग त्याला पोराच्या कपाळावरचा घाम दिसला.

त्याने बूट काढला. मोज्यावर रक्ताचा ठिपका होता. आत हात घातला, तर टाचेपाशी खिळ्याचं टोक वर आलेलं. बापाला ब्रह्मांड आठवलं. आजवर एका गिऱ्हाइकाला कधी खिळा लागला नाही, आणि पोटच्या पोराला लागला. तो स्वतःला शिव्या घालत जखम पुसायला लागला आणि मध्येच थांबला.

“तुला कळलं कसं?”

“मघापासून काय सांगतोय मी?”

“दुखतंय?”

“जाम दुखतंय, बाबा,” पोरगा म्हणाला आणि हसायला लागला.

बाप रस्त्यातच फतकल मारून बसला आणि ढसाढसा रडला. मग डोळे पुसून उठला, बूट खिळ्यासकट काखेत मारला आणि खुर्ची दवाखान्याकडे ढकलत सुटला.