सिस्टरच्या कपाळावरच्या आठ्या

सिस्टर रागीट नव्हती, पण कपाळाने तिला नाहक बदनाम केलं होतं. बावीस वर्षं लहान मुलांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढली आणि भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या कायमच्या मुक्कामाला आल्या. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क. मधल्या फटीतून पोरांना दिसायच्या त्या आठ्याच. गेल्या महिन्यात तिला बघून दोघांनी भोकाड पसरलं, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला स्टोअरला बसवू का? दगदग कमी होईल." दगदगीचं निमित्त न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. थिएटर सुटलं तर आपलं उरलं काय, ही धास्ती तिला लागली.

म्हणून ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसली होती. हातात चिठ्ठी, चिठ्ठीत सतरा प्रश्न. दुसऱ्यांना सुया टोचण्यात हयात गेली आणि आता सुई स्वतःच्याच कपाळावर येणार होती.

"दोन प्रकारची इंजेक्शनं आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक स्नायूला झोपवतं, दुसरं खळगा भरून काढतं. भरणारं लगेच दिसतं आणि त्यातलं एक तर नको झालं की विरघळवताही येतं. झोपवणारं तीन-चार महिन्यांनी आपोआप उतरतं, पण तोवर परत फिरायला वाट नाही."

"मग भरलेलंच बरं ना?"

"गालावर असतं तर भरलं असतं. भुवयांमधली जागा वाईट. चुकून रक्तवाहिनीत गेलं, तर डोळ्यावर बेतू शकतं."

"आणि झोपवणाऱ्याने पापणी लोंबते म्हणतात?"

"क्वचित. तीही काही आठवड्यांत सावरते."

इकडे आड, तिकडे विहीर. तिने झोपवणारं घेतलं आणि रोज सकाळी आरशासमोर पापण्या तपासत बसली. पापण्या शाबूत राहिल्या. दहाव्या दिवशी तिने आरशाकडे रागाने बघून पाहिलं, तर कपाळ ढिम्म. तिला बरं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

त्याच दिवशी पाच वर्षांची एक मुलगी टेबलावर आली. तिने सिस्टरकडे टक लावून पाहिलं आणि मुकाट्याने हात पुढे केला. मोठ्या डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली. स्टोअर टळलं.

तासाभराचं काम होतं. दोन तास झाले तरी रक्त थांबेना.

"सिस्टर, आईला सांगून या. अजून रक्त चढवावं लागेल, काही खरं नाही अजून."

ती तशीच मास्कसकट बाहेर आली. इतक्या वर्षांत वाईट बातमीचं पहिलं वाक्य तिला कधी बोलावंच लागलं नव्हतं. मुलांच्या आया ती दारात येताच तिच्या कपाळाकडे बघायच्या, आठ्या आवळलेल्या दिसल्या की काय ते ओळखायच्या आणि खुर्ची घट्ट धरायच्या. मग ती बोलायची.

या मुलीची आई धडपडत उठली. सिस्टरने जीव एकवटून भुवया आवळल्या. काहीच हललं नाही. आईने ते गुळगुळीत कपाळ पाहिलं, हुश्श केलं आणि हसली.

"झालं ना सगळं नीट? मला वाटलंच," असं म्हणत ती पिशवीतून मुलीचा फ्रॉक काढायला लागली.

सिस्टरने तिचा हात धरला. "आधी खाली बसा तुम्ही," ती म्हणाली.