वळणावरचा आरसा

नदीकाठच्या हायवेवर, दोन गावांच्या मधे, एक असलं वळण आहे ना, की समोरची गाडी पार अंगावर आल्यावरच कळते. म्हणून तिथे खांबावर मोठा गोल फुगीर आरसा लावलाय. खांबाला खेटून पार्लर आणि पार्लरला खेटून पार्लरवालीचं घर. तिचा नवरा दुधाची गाडी चालवतो. दुपारी जेवायला ह्याच वळणावरून येतो.

तर काय झालं, आरसा फिरायला लागला. सकाळी ती काठीने नीट करायची, दुपारी स्वारी पुन्हा वाकडी. रस्ता सोडून आरशात तिच्याच स्वयंपाकघराची खिडकी. वारा म्हणावं तर वाऱ्याला काय तिच्याच खिडकीचं वेड लागलंय?

तिचा संशय सरळ समोर गेला. समोर दिराचं गॅरेज. गाड्या आपटल्या की पत्रा ठोकायला कोण? दीर. परवा एका टेम्पोचा दिवा फुटला, तर हा पठ्ठ्या हात पुसत हजर, जसं काही आमंत्रणच होतं.

"काय भावोजी, धंदा जोरात," ती म्हणाली.

"तुमची कृपा, वहिनी." आणि हळूच आरशाकडे बघितलं त्याने. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तिने सासूला सांगून ठेवलं, "आई, लक्ष ठेवा जरा त्यांच्यावर."

"ठेवते की," सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने पार्लरचा पडदा ओढला आणि फटीला डोळा लावला. खुर्चीतली बाई एका भुवईवर ताटकळलेली.

"अगं, दुसरी?"

"थांबा हो, कामात आहे."

आणि कपडे वाळत घालायची काठी वर आली. कुठून? गॅरेजमधून नाही. तिच्याच खिडकीतून. काठीमागे सासू.

तेवढ्यात वरून नवऱ्याचा हॉर्न, खालून वाळूचा ट्रक, आणि आरशात नुसती खिडकी. ती दोरा दातात धरूनच ट्रकपुढे धावली. तिकडे दीर लाल फडकं हलवत भावाच्या गाडीकडे. ब्रेक किंचाळले. दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा मधे जेमतेम एक माणूस मावला असता.

"आई, काय हे?"

"अगं, आरसा इकडे वळवला की खिडकीतून त्याची गाडी लांबूनच दिसते," सासू काठी आत घेत म्हणाली. "दिसली की तवा ठेवते. गरम लागतं त्याला."

नवरा पांढराफटक. "मी गारही खातो, आई."

"आणि मी समजत होतो तुम्हीच फिरवताय, वहिनी," दीर म्हणाला. "रोज काठी घेऊन दिसता. म्हटलं, गाड्या थांबवून गिऱ्हाईक ओढतायत."

संध्याकाळी दिराने एका भंगार ट्रकचा आरसा काढून खिडकीबाहेर ठोकला, सासूला रस्ता दिसावा म्हणून. मोठ्या आरशाला आता कोणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाई उरलेली भुवई करायला आली. पार्लरवालीने दोरा ताणला, सहज बाहेर बघितलं. खिडकीवरच्या आरशात सासूचे डोळे. रस्त्याकडे नाही, थेट पार्लरकडे.

तिने पडदा ओढला. फट तेवढी ठेवली.