राग आधी, दुखणं मागून

"काय बाई हे! रंग विचारला तर अंगावर येऊन राहिली. जसं काही हिचं नेसतं लुगडंच मागितलं."

काउंटरखाली फॉलचा गठ्ठा काढायला वाकलेल्या गोपिकाच्या डोक्यावर, जेमतेम हातभर अंतरावर, गिऱ्हाइणीची ही कुजबुज झाली. गांधीबागेच्या कापडबाजारातल्या मॅचिंग सेंटरांत गोपिका दोन गोष्टींसाठी ओळखली जायची. साडीच्या काठावर नुसती नजर टाकून ती नेमका ब्लाऊजपीस काढायची. आणि अलीकडे मधूनच, काही कारण नसताना, फणकारायची.

ती उठली. बाईची साडी आणि कापड घेऊन दाराशी गेली. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतात, दारातल्या उजेडात कबूल होतात, असं तिचंच म्हणणं. तर दारात तिला दिसलं, की काठाचा मधला तुकडाच नाही. भोक नाही, अंधार नाही, नुसतं नाही. मग त्या नसलेल्या जागेच्या कडेला करवतीच्या दातांसारखी चमचमती रेघ उगवली आणि पसरत बाजूला सरकू लागली. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. त्या चढत चढत ओठापर्यंत पोचल्या.

"मी म्हणलं नोतं?" तिला डोळे चोळताना पाहून गल्ल्यावरून तिचा नवरा सुशील म्हणाला. "कालपासून चिडचिड करून राहिली. राग केला का डोकं चढते तुह्यं."

घरात हे गणित पक्कं होतं. गोपिका चिडते, म्हणून तिचं डोकं दुखतं. सासूबाईंनी शांत राहायचा सल्ला दिला होता, सुशीलने दोनदा चष्मा बदलून आणला होता. शेजारच्या दुकानदाराने मागे कापडवाल्यांचा इलाज सांगितला होता: डोळे रंगांनी भरले की पांढऱ्या मांजरपाटाकडे पाहत बसायचं. गोपिका तशीही बसून पाहिली होती. रेघ मांजरपाटावरही नाचली. डोळे मिटले तर पापण्यांच्या आत नाचली. हे मात्र तिने कोणालाच सांगितलं नाही. डोळे मिटूनही दिसतं म्हटलं की लोक चष्म्याचं दुकान सुचवत नाहीत, दुसरंच काही सुचवतात.

आणि तिच्या माहेरी, कुहीला, एक मागची खोली होती. तिच्यात आत्या राहायची, प्रयागबाई. दाराला पोतं लावून अंधारात पडायची, कोणी बोललं तर अंगावर धावायची. आत्याचा विषय निघाला की घरातल्या प्रत्येकाला काही ना काही काम आठवायचं. गोपिकाच्या लग्नात तर तिला दुसऱ्या गावी ठेवलं होतं. हे सुशीलच्या कानावर आलं होतं, पण त्याने कधी विचारलं नाही. रेघ दिसली की गोपिकाला ती खोली दिसायची.

त्या दिवशी दारात मात्र तिच्या तोंडून 'वांगी' हा साधा रंगही निघेना. नुसतं "वा... वा..." सुशील घाबरला. गिऱ्हाईक तसंच सोडून त्याने तिला ऑटोत घातलं आणि दवाखाना गाठला. तासाभराने बोलणं परत आलं. तपासण्या चांगल्या निघाल्या, आणि पुढे मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं.

तिथे गोपिकाचे वडील मनोहररावही आले, कुहीहून, पोरीसाठी तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन.

"ती रेघ दिसते तेव्हा एक डोळा झाकून पाहिलंत कधी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पाहिलं. दोन्हीकडून दिसते." गोपिकाने आवाज खाली आणला. "मिटून बी दिसते."

डॉक्टरबाई दचकल्या नाहीत. "कारण ते डोळ्यात नाही, मेंदूत तयार होतंय. मायग्रेन आहे हा. आदल्या दिवशी चिडचिड होते? रडू येतं, सारख्या जांभया?"

"तुमाले कोणी सांगितलं?"

"हा आजार पुष्कळांकडे असाच येतो. राग केला म्हणून तुमचं डोकं दुखत नाही. दुखणं आधीच निघालेलं असतं, राग पुढे येऊन वर्दी देतो."

सुशील मान खाली घालून म्हणाला, "म्हणजे मी इतके दिवस उलटंच धरून बसलो. भांडत होतो तुह्याशी."

"सारी भांडणं आजाराच्या नावावर नका टाकू," गोपिका म्हणाली. "काही मी मनापासून केली."

कितीतरी दिवसांनी तिघंही हसले. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहिल्या, वेळेवर जेवण आणि झोप सांगितली. हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, किंवा बोलणं पुन्हा अडलं, तर मायग्रेनच असेल म्हणून घरी बसायचं नाही, तडक यायचं, हे बजावलं. मग सहज विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होतं?"

सुशील भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. गोपिकाने बापाकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"नाही," मनोहरराव म्हणाले. मग पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"हाये. माही बहीण हाये, प्रयाग. ती बी म्हणे, भाऊ, डोळे मिटले तरी विजा चमकून राहिल्या." ते डॉक्टरबाईंकडे वळले. "तिले घेऊन येऊ काय, बाई? आमी तिले येडी म्हणून ठेवलं. ती येडी नोती. दुखत होतं तिले."