दीपस्तंभाचा गेम

"लगेच बटण दाबायचं नाही, ताई. होडी खडकाजवळ येऊ दे. येऊ दे गो, घाबरतेस काय. हां, आता लाव दिवा."

असं सांगताना महिपत माझा अंगठा धरून ठेवायचा. महिपत माझा धाकटा भाऊ, बोटीवर असतो. गेल्या खेपेला त्याने जपानातून तळहाताएवढा एक गेम आणला. राखाडी काचेवर एक दीपस्तंभ, खाली खडक, आणि काळोखातून येणाऱ्या होड्या. दिव्यात तेल बेताचं. लवकर लावला तर तेल संपतं, उशीर केला तर होडी फुटते. बाकी काही नाही. बोटीवर परत जाताना तो म्हणाला, "मालनला दिवस राहिलेत. मागच्यासारखी घाबरली, तर हा तिच्या हातात दे. मी तुला शिकवला तसाच तिला शिकव." मी देवासमोर उभी राहून हो म्हटलं.

मालन त्याची बायको, जयगडला असते. तिचं पहिलं पोटातच गेलं होतं. या वेळी डॉक्टरांनी बाळंत होईपर्यंत खाटेवरून उठू नको असं बजावलं, आणि ती वाशांकडे बघत रडत पडून राहायला लागली. गुरुवारी गेम घेऊन येते, असा मी तिला निरोप धाडला.

विठू माझा पुतण्या. माझ्याच घरी राहतो, बर्फाच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याची सुट्टी सोमवारी, म्हणून त्याच्या मित्रांची बैठक आमच्या ओटीवर सोमवारीच बसते. माझं मौनही सोमवारी. आंघोळ झाल्यापासून तुळशीपाशी दिवा लावेपर्यंत मी बोलत नाही. विठूला हे शाळेत जात होता तेव्हापासून माहीत आहे.

त्या सोमवारी मी देवघरात जप करत होते. ओटीवरचं सगळं दारातून दिसत होतं.

"माकडाचा गेम काय, सगळ्यांकडे आहे," बाबल्या म्हणाला. त्याचं एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान आहे. "कुणाला ठाऊक नाही असा एखादा सांगा. माझ्याकडे कोपऱ्यात ते भुयाराचं मशीन आहे, कोण ढुंकून बघत नाही. पण तिसऱ्या भुयारात डावीकडे चिकटून उभा राहा. साप अंगावरून जातो नि चावत नाही."

"साप नाही चावत, मशीन चावतं. मला शॉक बसलेला," विठू म्हणाला.

"शॉकचे पैसे घेतले काय तुझ्याकडून?"

शिवाने खिशातून आपला गेम काढला. तो दापोलीला शेतकी कॉलेजात शिकतो, सुट्टीत घरी आला होता. "हा बेकरीवाल्याचा बघा. पाव करपायच्या आत भट्टीतून काढायचे. हात थांबतच नाही."

मग विठूने फडताळ उघडलं आणि माझा गेम त्यांच्यापुढे ठेवला. बाबल्याने तो घेतला आणि बटण असं बडवलं की तेल तिथल्या तिथे संपलं आणि होड्या एकामागून एक फुटल्या. "ह्यात काय होतच नाही," तो म्हणाला. "हा पेन्शनरांचा गेम." शिवाने मात्र उलटसुलट करून बघितला. "असा मी कोणाकडे बघितला नाही. मला हवा."

विठू देवघराच्या दाराशी आला. "काकू, हा शिवाला देऊ? बदली बेकरीवाला देतोय."

मी तळहात पुढे करून हात वर केला. आमच्या घरात मौनातला असा हात म्हणजे थांब.

"बघ, काकूने आशीर्वाद दिलान," विठू ओटीकडे वळून म्हणाला, आणि तिघे हसले.

मी माळ ठेवून उठले, ओटीवर आले. तोवर ते फाटकाबाहेर पडले होते. शिवाची दापोलीची गाडी निघायची होती. हाक मारली असती तर थांबले असते. हाक माझ्या तोंडाशी आली होती, आणि दिवेलागणीला अजून अवकाश होता.

दिवा लावला. मग विठूला समोर बसवलं. मी आवाज चढवत नाही. लोकांना वाटतं मला राग येत नाही. त्या संध्याकाळी माझे दात एकमेकांवर घासत होते.

"मी हात केला तो कशाला?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते मला माहीत आहे. काकू आज बोलायची नाही, हे वाटलं."

त्याने बेकरीवाला माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "काकू, बेकरीचा चांगला आहे हो. मालनवहिनीला हाच द्या. ह्यात पटापट खेळता येतं."

"तिला पटापट काही नकोच आहे, विठू. तिला वाट बघायची आहे. त्या एका गेमात वाट बघायला शिकवतात, आणि तोच तुम्ही तिघांनी मिळून फालतू ठरवलात. एकाने तरी एक होडी नीट किनाऱ्याला लावलीत काय?"

मी खुंटीवरची पिशवी काढली.

"उद्या पहाटेच्या गाडीने मी दापोलीला जाणार. बुधवारी रात्री परत, गुरुवारी जयगड."

त्याने चटकन मान वर केली. "आणि तुळशीचा दिवा?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून तो दिवा मी दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेला नाही. त्यासाठी माहेरी रात्रीची राहिले नाही. विठूला तेही ठाऊक होतं, म्हणून तर त्याचा चेहरा उतरला. "मी जातो ना दापोलीला," तो म्हणाला.

"तू जाशील नि तिसराच बदलून आणशील. दिवा तू लावायचा, दोन्ही दिवस. बाबल्याकडे जायची घाई असेल म्हणून उजेडीच लावून मोकळा होऊ नको. तिन्हीसांज होऊ दे."

पहाटे उठले. निरांजन, वाती, तेलाची वाटी तुळशीच्या कठड्यावर काढून ठेवली. देवाला सांगितलं, नेम मोडतेय, पण शब्द तुझ्यासमोरच दिला होता. राग अजून तसाच होता. तो काही देवापुढे ठेवला नाही.

विठू ओटीवर जागाच होता. "स्टँडपर्यंत पिशवी मी घेतो," म्हणाला.

"असू दे."

बेकरीवाल्याचा गेम पदराच्या टोकाला बांधला, वहाणा घातल्या आणि फाटकाची कडी आवाज न करता काढली.