चोंबड्याचं म्हणणं

ब्रेल छापखान्यातल्या सगळ्या संगणकांचे आवाज बंद होते, एक सोडून. तो मुद्रितं तपासणाऱ्या ताईंचा. ताईंना जन्मापासून दिसत नव्हतं, त्यामुळे पडद्यावर जे उमटेल ते संगणक वाचून दाखवायचा. अँटिव्हायरसची चौकट आली की न वाचता फुली मारायची सवय इतरांना जडली होती. ताईंना मात्र दर वेळी ते सगळं पुराण ऐकावं लागे. मालकांनी त्या संगणकाचं नावच चोंबडा ठेवलं होतं.

त्या सकाळी परीक्षेची पुस्तकं छपाईला जायची होती. दृष्टिहीन मुलांची नऊ पुस्तकं, अकरा महिन्यांची मेहनत, सगळी त्याच संगणकात. दुसरी प्रत काढू काढू म्हणता राहूनच गेली होती. शेवटचा धडा पेन ड्राइव्हवर आला. ताईंनी तो उघडला आणि चोंबडा बोलला, “अनोळखी प्रोग्राम एकामागून एक फायली बदलत आहे. त्याला तूर्त थांबवलं आहे. चालू द्यायचं की रोखायचं?”

मालक पाठीमागेच घड्याळ बघत उभे होते. ते म्हणाले, द्या चालू, ते कुरकुरतंच असतं. खरा व्हायरस असता तर नाव घेऊन सांगितलं नसतं का? तेही खोटं नव्हतं. यादीतले व्हायरस चोंबडा नावानिशी पकडायचा. याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

वीस वर्षांत ताईंनी मालकांचा शब्द मोडला नव्हता. पण एक धडा उघडायला बाकीच्या फायलींना हात कशाला लावावा लागतो? पाहुण्याने पाणी मागावं आणि कपाटं उचकायला लागावं, त्यातलंच हे.

“नाव माहीत नसेल, मालक, पण लक्षण चोराचं आहे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी ‘रोखा’ दाबलं.

मालकांचा पारा चढला. ताईंची चूक दाखवून द्यायलाच त्यांनी तंत्रज्ञाला बोलावलं. तो तासभर खालमानेने तपासत राहिला. मग त्याने सांगितलं की हा नवाकोरा व्हायरस आहे, फायलींना कुलूप घालणारा, अजून कुठल्याच यादीत नसलेला. अँटिव्हायरसने तो नावावरून नाही, वागणुकीवरून हेरला होता. थांबवण्याआधी कुलूप पडलेल्या तीन फायलींच्या आधीच्या प्रतीही त्याने जपल्या होत्या, त्या परत मिळाल्या.

“चालू द्या म्हटलं असतंत, तर दहा मिनिटांत नऊच्या नऊ पुस्तकं गेली असती,” तंत्रज्ञ म्हणाला.

मालक ताईंच्या टेबलाशी आले. म्हणाले, “माझंच चुकलं, ताई.”

दुपारी यंत्र सुरू झालं. पहिल्या पानावरून ताईंनी बोटं फिरवली. एक ठिपकाही हरवला नव्हता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

तंत्रज्ञाने व्हायरसचा नमुना अँटिव्हायरसच्या कंपनीकडे पाठवला होता. दुसऱ्या दिवशी सगळे कामाला बसतात न बसतात तोच चोंबडा बोलला, “नवी यादी मिळाली. एका नव्या व्हायरसची ओळख पटली.” तंत्रज्ञाचा फोनही आला. ती ओळख तुम्ही पकडलेल्या चोराचीच, तो म्हणाला, आता हा अँटिव्हायरस जिथे जिथे आहे तिथे तो दारातच पकडला जाईल.

मालक उठले आणि टेबलामागून टेबल फिरत त्यांनी प्रत्येक संगणकाचा आवाज सुरू केला. ताईंनी आपल्या संगणकाचा आवाज पूर्ण मोठा केला आणि चोंबड्याला तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं.