काहीच न घडल्याची पिन

"विचार ना," डुएन क्रूगर म्हणाला. "त्या बाई चावत नाहीत. त्यांना पगारच न चावण्याचा मिळतो."

त्याची नात मारेन आजोबांच्या शर्टाचं मागचं टोक मुठीत धरून उभी होती, आणि पॉपकॉर्नच्या गाडीवरची बाई हसून हसून दमली होती. बाईच्या गळ्यात रुंद पट्टा होता आणि पट्ट्यावर रंगीत पिना टोचलेल्या होत्या. या करमणुकीच्या पार्कचा नियम असा, की मुलाने आपली एक पिन पुढे करायची, कर्मचाऱ्याच्या पट्ट्यावरच्या आवडलेल्या पिनेकडे बोट दाखवायचं, आणि कर्मचाऱ्याने ती काढून द्यायची. नाही म्हणायची मुभा नाही. मुलाने वाकडी, रंग उडालेली दिली तरी हसून घ्यायची. एवढा सरळ व्यवहार फ्लोरिडात दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही. अट एकच. मागायचं तोंडाने.

घोडं अडलं होतं ते तोंडापाशी.

"मी विचारतो," शेवटी डुएन म्हणाला. "ती डावीकडची द्या. नातीसाठी."

"नातीने ती बघितली तरी का?" बायको आर्लीन मागून म्हणाली. तिचा गुडघा दुखत होता, त्यामुळे ती या सहलीत बाकावरूनच बोलत असे.

"तिला आवडेल."

"कालपासून तिला आवडतील अशा सगळ्या तुझ्याच पट्ट्यावर आहेत, डुएन."

हे खरं होतं. नातीला नाद लावायला निघालेल्या आजोबांच्या पट्ट्यावर कासव, रॉकेट, दोन चेटकिणी आणि एक हसणारं वांगं लटकत होतं. मारेनच्या पट्ट्यावर दुकानातून आणलेल्या पिना होत्या तशाच होत्या.

मारेन आठ वर्षांची. घरात बोलायला लागली की आर्लीन रेडिओ बंद करायची, कारण दोन्ही एकदम ऐकणं शक्य नव्हतं. दाराबाहेर पाऊल टाकलं की आवाज गडप. प्रगतिपुस्तकात बाईंनी 'फार शांत' असं लिहून पुढे उद्गारचिन्ह काढलं होतं. ते कौतुकाने काढलंय की वैतागून, यावर घरात दोन मतं होती.

आतापर्यंत त्याने काही बिघडलं नव्हतं, कारण शाळेची बस डुएन चालवायचा. विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या गावात त्याने आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं. मारेन त्याच्या पाठीमागच्याच सीटवर बसायची. तिने वेणीचं टोक चावलं की तिला बाथरूमला जायचंय, डोकं काचेला टेकवलं की कुणीतरी काहीतरी बोललंय, हे तो वरच्या आरशात बघून ओळखायचा, आणि बसमधून उतरून बाईंना सांगून यायचा. एका अर्थाने तिचं तोंड तोच होता. पण जूनमध्ये तो निवृत्त झाला, आणि ऑगस्टमध्ये मारेनची आई नवी नोकरी घेऊन तिला दूर टूसॉनला नेणार होती. तिथल्या आरशात कोण बघणार होतं?

म्हणून ही सहल. हिवाळाभर डुएनने पिनांच्या देवघेवीवरचे व्हिडिओ बघितले. मग स्वयंपाकघरात तालमी सुरू झाल्या. आर्लीनच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा आणि त्यावर ब्लाउजच्या पिना.

"दुसऱ्याच्या पिनेला हात लावायचा नाही, बोट दाखवायचं," डुएन शिकवायचा. "पट्ट्यावर आहे ती देण्यासाठीच असते. जी द्यायची नाही ती पट्ट्यावर लावायचीच नाही. आणि एकदा दिली की दिली. परत मागणारा माणूस हलका. हं, आता आजीला विचार."

मारेन विचारायची. घरात तिला काय अडचण होती?

"नाही देणार," आर्लीन म्हणायची.

"कर्मचाऱ्याला नाही म्हणता येत नाही, आर्लीन."

"मी नवीन लागलेय."

मारेन टेबलाखाली लोळून हसायची. आणि इथे पार्कमध्ये आल्यापासून ती फक्त शर्ट धरून होती.

डुएनचा जीव थाऱ्यावर नव्हता. सुट्टी हा प्रकारच त्याला जमत नव्हता. हॉटेलच्या बसमध्ये तो ड्रायव्हरच्या मागे बसून वळणावर पायाने ब्रेक दाबायचा. बाकावर बसला की दोन मिनिटांत उठायचा. रांगेत उभा राहिला की पुढची मुलं मोजायचा, आणि एखादं कमी भरलं की त्यांच्या आईबापांपेक्षा आधी घाबरायचा.

"तू जरा कुठेतरी जा," त्या दिवशी दुपारी आर्लीन म्हणाली. "त्या वरच्या पाळण्यात बस. ओरड. सगळे ओरडतायत, तुझं कुणाला कळणार नाही."

पाळणा म्हणजे लाकडी रुळांवरून खाली कोसळणारी गाडी. मारेन त्यात बसणार नव्हती, हे तिने मान हलवून कळवलं. डुएन एकटाच निघाला. दाराशी पाटी होती: टोप्या आणि चष्मे काढून ठेवा.

टोपीवर त्याची पिन होती.

नखाएवढी, पिवळी, शाळेच्या बसच्या आकाराची, आणि खाली बारीक अक्षरांत 'पंचवीस वर्षे, विनाअपघात'. शाळेच्या व्यायामशाळेत हॅम सँडविच आणि केक खाऊ घालून ती त्याला दिली होती. पंचवीस वर्षं काहीही न घडल्याबद्दल ती होती. लोकांना काहीतरी घडवल्याबद्दल बक्षिसं मिळतात. डुएनने पंचवीस हिवाळे, बर्फात, धुक्यात, रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या गाईंतून, गावातल्या दोन पिढ्यांच्या बाबतीत काहीही घडू दिलं नव्हतं. याचा पुरावा दाखवता येत नाही. ही पिन तेवढी होती. त्याच्यानंतर शाळेने पिना बंद केल्या. आता फोनवर अभिनंदनाचा निरोप येतो आणि त्यात टाळ्या वाजवणारं अस्वल असतं.

पिन टोपीवरच राहू द्यावी तर आर्लीन टोपीने वारा घेत बसणार आणि पिन उडणार. खिशात टाकावी तर गाडी कोसळताना पडणार. आर्लीनच्या पिशवीत टाकावी तर तिच्यातून वस्तू परत येत नाहीत. मारेनच्या पट्ट्यावर जागा होती.

"ही धर," असं म्हणून त्याने ती तिथे टोचली आणि टोपी आर्लीनच्या मांडीवर टाकून पळाला. नियम शिकवणारा माणूस तोच, पिन लावणारा माणूसही तोच. मास्तरांचं बहुधा असंच होतं.

रांग लांब होती. तो परतला तेव्हा त्याचे केस उभे होते आणि चेहरा दह्यासारखा झाला होता. समोरून मारेन धावत आली. ती पार्कमध्ये पहिल्यांदाच धावत होती.

"आजोबा, मी विचारलं."

"काय विचारलंस?"

"मोठ्याने विचारलं. आजी लिंबूपाणी आणायला गेली होती. एक काका होते, त्यांच्याकडे मोठ्ठे अल्बम आहेत. मी गेले आणि म्हटलं, मला तुमच्या पिना बघता येतील का. ते म्हणाले, बघ की. मग मी बोट दाखवलं. हात नाही लावला. हे बघ."

पट्ट्यावर, अगदी वर, छत्री धरलेला जांभळा ऑक्टोपस होता. आठही हातांत आठ छत्र्या. पिवळी बस नव्हती.

डुएनने ऑक्टोपसकडे बघितलं, मग पट्ट्यावरच्या बाकीच्या पिनांकडे, मग पुन्हा ऑक्टोपसकडे.

"वा," तो म्हणाला. "छत्र्याही आहेत."

मारेन ऑक्टोपस दाखवायला आजीकडे गेली. आर्लीनने तो बघितला, वाखाणला, आणि नातीच्या डोक्यावरून नवऱ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात अशा बघण्याचे दोनतीनच प्रसंग आले होते. मारेन नळावर हात धुवायला गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "मी दोनच मिनिटं गेले होते."

"तुझी चूक नाही. पट्ट्यावर मी लावली."

"तिला सांगणार आहेस?"

"शोधतो आधी त्या माणसाला."

"शोध. पण तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस. पहिल्यांदा तोंड उघडलं आणि ती चूक निघाली, असं कळलं तर पोरगी टूसॉनमध्ये लग्नापर्यंत गप्प बसेल."

दुपारभर डुएन लोकांच्या गळ्यांकडे बघत फिरला. "पाय मोकळे करून येतो," असं सांगून तो जायचा आणि घामाघूम होऊन यायचा. त्याने किल्ल्याची बाजू पालथी घातली, जंगलाची बाजू पालथी घातली. एका बाईच्या गळ्याकडे जरा जास्त वेळ बघितल्यावर तिच्या नवऱ्याने खांद्यावर हात ठेवला.

"काय बघताय साहेब?"

"पिना."

"तिच्या गळ्यात पिना नाहीत."

"हो, तेच आता लक्षात आलं," डुएन म्हणाला आणि दिसेल त्या दुकानात शिरला.

परत आला की मारेनकडे बघायचा. एकदा ती आईस्क्रीमवाल्यासमोर जाऊन उभी राहिली होती. तोंड उघडलं, मिटलं. मागे वळून आजोबा कुठे आहेत ते बघितलं. मग अगदी बारीक आवाजात काहीतरी म्हणाली, आणि आईस्क्रीमवाल्याने खाली वाकून पट्टा पुढे केला. एवढंसं ते धाडस, नुकतंच रुजलेलं. त्याच्यावरून आपण आता नांगर फिरवायला निघालोय, असं डुएनला वाटलं, आणि तो पुन्हा पाय मोकळे करायला गेला.

माणूस सापडला तो लाकडी पुलापाशी, सावलीतल्या बाकावर. पिकलेले केस मागे बांधलेले, नाकावर दोरीचा चष्मा, दोन्ही बाजूंना उघडलेले अल्बम. नाव लायल. फ्लोरिडातच ओकालाला घर, पार्कचा वर्षाचा पास, दर आठवड्याला फेरी.

"पिवळी बस?" तो म्हणाला. "ती नाही देणार बुवा. गाड्या माझ्या सगळ्या आहेत, शाळेची बस कुठे मिळत नव्हती."

"ती माझी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती बस मी चालवायचो."

लायलने चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. मग अल्बमचं पान उलटलं, पिन काढली आणि तळहातावर ठेवली.

"मी पोरीला विचारलं होतं हो, नक्की द्यायची का. जुनी दिसतेय म्हटलं. तर म्हणाली, ती कुठे आपटलेली नाही. मी समजलो, पिनेबद्दल बोलतेय." त्याने हात पुढे केला. "घ्या. ऑक्टोपस राहू दे तिला. मला घरी एक पेटीभर आहेत."

डुएनने हात उचलला. पिनेपासून त्याची बोटं वीतभर अंतरावर होती.

"आजोबा, हेच ते काका."

मारेन पुलावरून येत होती, मागे आर्लीन गुडघा सांभाळत. आर्लीनने लांबूनच नवऱ्याला खूण केली, की मी हिला दुसरीकडे नेत होते, ऐकलं नाही.

मारेनने लायलच्या तळहाताकडे बघितलं, मग आजोबांच्या हाताकडे.

"तू परत मागतोयस?"

"छे," डुएन म्हणाला. हात तसाच पुढे नेऊन त्याने बोट दाखवलं. "बोट दाखवत होतो. यांना म्हणत होतो, ही छान आहे."

"ती आपलीच आहे ना." मारेन लायलकडे वळली. तिचा आवाज कापत होता, पण चालू होता. "माझे आजोबा बस चालवायचे. कधी एकदासुद्धा आपटली नाही. मला विचारायची भीती वाटत होती ना, म्हणून त्यांनी स्वतःची पिन काढून मला पहिल्यांदा द्यायला दिली. मग मला नाही वाटली भीती. एवढी चांगली पिन असल्यावर कोण नाही म्हणेल?"

आर्लीनने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

"हो ना आजोबा?"

"हो," डुएन म्हणाला. "म्हणूनच दिली."

लायलचा तळहात अजून उघडाच होता. तो डुएनकडे बघत होता. डुएनने नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी. मग लायलने अल्बमचं गाड्यांचं पान काढलं. एका बाजूला ट्राम होती, दुसऱ्या बाजूला आगीचा बंब. मधली जागा रिकामी होती. त्याने पिवळी बस तिथे उभी केली.

"मागचं बूच सैल झालंय," डुएन म्हणाला. "घट्ट दाबा."

लायलने दाबलं. मग पान हलवून बघितलं आणि पुन्हा एकदा दाबलं.

"बर्फात न्यायची नसेल तर ठीक राहील," तो म्हणाला.

"ओकालात कुठला बर्फ," डुएन म्हणाला.

आर्लीन बाकाच्या टोकाला बसली आणि तिने गुडघा लांब केला. पुलाच्या पलीकडे, फुग्यांच्या गाडीजवळ, एक उंच कर्मचारी पट्टा सारखा करत उभा होता. मारेनने त्याला बघितलं.

"मी जाऊन येते," ती म्हणाली आणि निघाली.

डुएनचे पायही निघाले होते. आर्लीनने त्याच्या शर्टाचं मागचं टोक धरलं. तो थांबला. पुलाच्या मध्यावर पोचली की ती वळून बघणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने हात वर करून ठेवला. ती मध्यावर पोचली. पलीकडे उतरली. उंच माणसासमोर जाऊन उभी राहिली आणि मान वर करून काहीतरी बोलू लागली. हात वर तसाच होता. लायल बघतोय असं लक्षात आल्यावर डुएनने त्याच हाताने कान खाजवला, आणि मग तो हळूच खाली घेतला.