जुबैदाचे शेवटचे चार भाग

शुकरी अब्दुलबारला लिहायला काय काय लागायचं म्हणून सांगू! कहवाखान्यातलं कोपऱ्यातलंच टेबल, तेही भिंतीकडे तोंड करून. कमी साखरेची कॉफी, एकामागून एक तीन कप. शेजारी हुक्का. आणि तीन पेन्सिली, सुईसारखं टोक काढलेल्या. एवढा सरंजाम मांडून या गृहस्थाने सात वर्षांत एक प्रकरणसुद्धा पुरं केलं नव्हतं. रमजानात तर विचारूच नका. दिवसा कॉफी नाही, हुक्का नाही, कहवाखान्याला कुलूप. "लेखणीचाही रोजा असतो," असं म्हणून हा महिनाभर मोकळा.

आणि तिकडे तो लुत्फी कंदील! शाळेत शुकरीच्याच बाकावर बसायचा, निबंध शुकरीचे बघून लिहायचा. आता दर रमजानात रेडिओवर त्याची मालिका. ट्राममध्ये लिही, न्हाव्याकडे बसून लिही, पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिही, त्याला कसलंच वावडं नव्हतं. संध्याकाळी रोजा सोडायची तोफ झाली, अजान झाली, की कैरोत घरोघरी एकच बाई बोलायला लागायची, लुत्फीची जुबैदा. नवऱ्याने दुसरा संसार थाटला म्हणून एकटी राहिलेली जुबैदा. शुकरीच्या घरातही तीच, त्याच्या ताटासमोर. घास उतरायचा नाही त्याच्या घशाखाली. सरळ सांगायचं तर जळायचा तो, चांगला धूर निघेपर्यंत जळायचा.

पंचविसाव्या रोजाला रेडिओवरचे बहगत साहेब चार जिने चढून धापा टाकत आले.

"लुत्फीचं अपेंडिक्स फुटलं. जिवावरचं टळलं, पण पेन धरायची ताकद नाही. शेवटचे चार भाग राहिलेत, उस्ताद, आणि या महिन्यात मोकळा लेखक तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही लिहा."

"मी?"

"नाव लुत्फीचंच जाईल. आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही, अगदी बायकोलाही. घ्या अल्लाची शपथ."

शुकरीने शपथ घेतली. दोस्ताला मदत म्हणून? छे हो! त्याच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. शेवटच्या भागात जुबैदाला मारून टाकायचं, ऐन ईदच्या तोंडावर. अख्खं कैरो लुत्फीच्या नावाने बोटं मोडेल, आणि पुढच्या वर्षी त्याला रेडिओच्या दारात कुणी उभं करणार नाही.

पण बसणार कुठे? ईदची बिस्किटं करायचे, कहकचे दिवस ते. बायको इनायतकडे शेजारणी जमलेल्या, आणि टेबलावर, पलंगावर, खुर्च्यांवर कहकचे पत्रे पसरलेले. "अबू सामी, तिथे नका बसू! तो पत्रा पाववाल्याच्या भट्टीवर जायचाय!" थोरल्या सामीचा बाप म्हणून ती नवऱ्याला अबू सामी म्हणायची. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात तुपाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर त्याने कागद ठेवला; कुणी विचारलं तर घरखर्चाचा हिशेब म्हणून सांगायचं. कॉफी नाही, धूर नाही, डोकं भणभणतंय, आणि कानाशी हा कलकलाट.

"माझ्या जावेचे कहक म्हणे तोंडात विरघळतात," एक शेजारीण म्हणाली. "काय घालते मेली, कोण जाणे!"

"अगं, मग विचार ना तिला," इनायत म्हणाली.

"मी? तिला? त्यापेक्षा माझे दगड चावत बसेन!"

सगळ्याजणी खदखदून हसल्या. शुकरी मात्र हसला नाही. ही बाई आपल्याच पोटातलं बोलतेय, असं त्याला वाटलं, आणि त्याची पेन्सिल जी सुटली ती चार दिवस थांबली नाही. जुबैदाला मारायचं तो विसरूनच गेला.

शेवटच्या भागात जुबैदा आपला पत्रा आणायला भट्टीवर जाते. शेजारीच सवतीचा पत्रा. कुणाचं लक्ष नाही असं बघून ती त्यातला एक कहक तोंडात टाकते, आणि तिथेच मटकन खाली बसते. "नवरा नेलास, ने बाई," ती म्हणते. "पण माझ्या हाताची चव तुझ्या हाताला कशी आली गं?"

रेडिओ बंद झाला तरी इनायतच्या हातातला चमचा तसाच. जिन्यावर कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं.

"लुत्फीला बाईचं काळीज कळतं हो!" ती डोळे पुसत म्हणाली. "याला म्हणतात लेखक. नाहीतर तुम्ही, अबू सामी! टोकं काढण्यात जन्म गेला."

शुकरीने तोंड उघडलं. शपथ आठवली. तोंड मिटलं. आपल्याच वाक्यासाठी तो लुत्फीवर जळत होता, आणि इतका तो आजवर कधीच जळला नव्हता.

ईदच्या तिसऱ्या दिवशी इनायतने कहकचा डबा हातात दिला आणि त्याला इस्पितळात पिटाळलं. लुत्फी भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"ईद मुबारक."

"ठेव तिथे." लुत्फी वळलासुद्धा नाही. "सगळ्या नर्सा येऊन हात धरून गेल्या. डॉक्टर म्हणाला, माझी आई रडली. आणि मी निर्लज्जासारखा मान डोलावत राहिलो." मग एकदम वळला. डोळे लाल झालेले. "बहगतने नाव नाही सांगितलं. पण शाळेपासून तुझंच बघून लिहिलंय मी, मला कळणार नाही? अरे, दहा वर्षांत मला तसलं एक वाक्य नाही सुचलं! तीन दिवस झाले, नुसती आग होतेय इथे. खरं सांग, कसं सुचलं तुला?"

शुकरीने आजूबाजूला पाहिलं. शपथ होती, पण याला तर ठाऊकच होतं.

"तुझ्यावर जळत होतो," तो म्हणाला. "तेच लिहिलं."

लुत्फी कोपरावर जोर देऊन, कण्हत कण्हत उठून बसला आणि हात पुढे केला.

"कागद आहे माझ्याकडे. पेन्सिल दे."

शुकरीने खिशातून तिन्ही पेन्सिली काढल्या, एकेकीचं टोक बोटावर घासून पाहिलं, आणि सगळ्यांत बोथट होती ती त्याला दिली.